प्रश्न उद्भवत नाही

गायधनी मॅडम दगड चाटून बघायच्या.
नवी पोरं हसायची. मी नाही.
ओला झाल्याशिवाय दगड पोटातलं सांगत नाही, म्हणायच्या,
आणि जिभेवरची धूळ पदराला पुसून
फळ्याकडे वळायच्या.

मी पुंजाजी गांगुर्डे. भूशास्त्राच्या लॅबचा शिपाई,
कागदावर परिचर.
एकवीस वर्षं त्यांच्या ड्रॉवरांच्या किल्ल्या
माझ्या करगोट्याला.

त्या उभ्या राहिल्या ते एका विहिरीपायी.
सिन्नरच्या अंगाला पोरं पाणी मोजत होती.
दोरी संपली, पाणी लागलं नाही.
धुणं घेऊन उभी असलेली बाई म्हणाली,
मोजून काय करता बाई,
सांगा ना कुणाला तरी.
परतीच्या एसटीत मॅडम
नांदूर शिंगोट्यापासून द्वारकेपर्यंत
एक शब्द बोलल्या नाहीत.

पदवीधर मतदारसंघ. पाच जिल्हे, एक भाड्याची जीप.
नंदुरबारात भाषणाऐवजी त्यांनी तास घेतला,
मी नकाशा धरून उभा,
हात भरून आले तरी खडू संपेना.
लोकांनी जांभळ्या पेनानं आकडे लिहिले.
अंबडच्या गोदामात, दुसऱ्या पसंतीच्या मतांवर,
पहाटे साडेचारला त्या आमदार झाल्या.
मी बाहेर मिसळीच्या गाड्याखाली झोपलेलो.

पांडवलेण्यामागच्या खाणीतला स्टिलबाईट दिला त्यांना,
गव्हाची पेंढी बांधावी तसा दगड.
म्हणाल्या, सभागृहाच्या पटलावर ठेवीन.
ठेवू देत नाहीत तसं.
पर्समध्ये राहिला. दर अधिवेशनाला गेटवरचा पोलीस
बाहेर काढून बघायचा, हे काय, विचारायचा,
आणि मॅडम त्याला पाच मिनिटं शिकवायच्या.

पहिला तारांकित प्रश्न मला अजून पाठ आहे.
सिन्नर तालुक्यातील भूजल पातळी खालावल्याचे
निदर्शनास आले, हे खरे आहे काय?
हे अंशतः खरे आहे.
असल्यास, कोणती कार्यवाही केली?
कार्यवाही सुरू आहे.
नसल्यास, विलंबाची कारणे काय?
प्रश्न उद्भवत नाही.

फोनवर हसल्या.
पुंजाजी, असा पेपर आला असता तर
पस्तीस दिले असते.
हस्ताक्षराचे.

चौथ्या वर्षी पक्षात गेल्या. निधी मिळतो, म्हणाल्या.
सिन्नरला एक बंधारा झाला, ते खोटं नाही.
गंगापूर रोडच्या ऑफिसात खुर्च्या वाढल्या,
मला ओळखणारं कुणी उरलं नाही दाराशी.

मग नागपूर. रात्री साडेदहाला एक विधेयक:
कॉलेजातली परिचरांची पदं यापुढे कंत्राटी.
आवाजी मतदान.
होय म्हणणाऱ्यांत त्यांचा आवाज होता की नव्हता,
तसल्या मतदानात ते कुठं लिहिलेलं नसतं.
माझा रतन त्याच जागेच्या आशेवर
सात वर्षं लॅबमध्ये काचा धूत होता,
बिनपगारी.

मुदत संपली तेव्हा मॅडम लॅबमध्ये आल्या.
मी निवृत्त, किल्ल्या द्यायला आलेलो,
घ्यायला कुणी नव्हतं.
कंत्राटी पोरगा महिन्याला बदलतो,
सत्तेचाळीस नंबरचा दगड बावन्नच्या खणात.
त्यांनी तो उचलला, जिभेला लावला.
मी विचारलं, सहा वर्षांत पहिल्यांदा मीच विचारलं,
त्या रात्री तुम्ही होय म्हणालात काय?

बाहेर पोरांचा गलका. पंखा फिरत होता.
होय, पुंजाजी, म्हणाल्या. हे खरे आहे.
अंशतः म्हणाल्या नाहीत.

पर्समधून स्टिलबाईट काढून टेबलावर ठेवला.
पेंढीतली दोन काडं तुटलेली.
मी त्याला नंबर दिला, चिठ्ठी लिहिली, खणात ठेवला.
ड्रॉवर अडकला.
पूर्वीपासूनच तो तसा,
एकट्याला लागत नाही.
दोघांनी मिळून ढकलला.